सांथीची पहिली चाहूल

श्रोतेहो,

रोगाची सांथ म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें गजबजलेलीं रुग्णालयें, बंद पडलेल्या शाळा आणि ओस पडलेले रस्ते उभे राहतात. परंतु सांथ कधींही अशी वाजतगाजत येत नाहीं. ती पाऊल न वाजवितां येते. एखाद्या वाडींत एकाच आठवड्यांत चार माणसें तापानें अंथरूण धरतात. एखाद्या डॉक्टरांच्या दवाखान्यांत जुलाबाचे रोगी नेहमींच्या दुपटीनें येऊं लागतात. एखाद्या प्रयोगशाळेंत एकाच रोगाचे जंतु लागोपाठ सांपडूं लागतात. ही जी पहिली चाहूल, ती कोणीतरी ऐकावी लागते. ऐकून ती कोणाला तरी कळवावी लागते. आणि ज्याला कळविली त्यानें उठून कांहींतरी करावें लागतें. ह्या तीन साध्या क्रियांवर शेंकडों माणसांचें जगणें-मरणें अवलंबून असतें. रोगाची सूचना हातीं आल्यावर आरोग्यखातें काय करितें, त्यानें काय करावयास हवें, आणि त्या कामीं आपल्यासारख्या नागरिकांचा वांटा कोणता, ह्याविषयीं आज चार शब्द आपणांस सांगावे असा माझा विचार आहे.

ह्या विषयाचा प्रारंभ आपल्याच इतिहासांतून करणें बरें. १८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत रोगी तपासतांना डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांना एक भयंकर शंका आली. ताप आहे, गांठ आली आहे, रोगी झपाट्यानें खालावत आहे. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, तर नव्हे? मुंबई हें बंदराचें शहर. प्लेगचें नांव उच्चारणें म्हणजे जहाजें अडविली जाणें, व्यापार बसणें, आणि लोकांनीं शहर सोडून पळणें. डॉ. व्हिएगसांनीं तें नांव उच्चारलें. एका डॉक्टरानें आपली शंका मनांत न ठेवतां उघडपणें बोलून दाखविली, हीच आपल्याकडील रोगसूचनेची पहिली मोठी कथा होय.

परंतु सूचना आल्यावर सरकारनें जें केलें तें मात्र फार निराळें होतें. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यास प्लेग-कमिटी नेमली गेली. गोरे सोल्जर घरांत शिरून रोगी शोधूं लागले. देवघर आणि माजघर ह्यांचा विचार राहिला नाहीं. माणसें घरांतून उचलून नेलीं गेलीं. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवूं लागले. संताप इतका वाढला कीं २२ जूनच्या रात्रीं त्या कमिटीचे प्रमुख रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच पुण्यांत, त्याच सांथींत, सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें त्यांचा अंत झाला. एकीकडे बंदूक आणि दुसरीकडे सेवा! सांथ आटोक्यांत आणावयाची तर रोगी आधीं समोर यावा लागतो, आणि रोगी समोर येतो तो विश्वासानें. ज्या दिवशीं लोक आजार लपवूं लागतात त्या दिवशीं सरकारचे कान तुटले असें समजावें.

त्यानंतरच्या काळांत ही व्यवस्था पुष्कळ बदलली. २००४ सालीं भारत सरकारनें एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम सुरू केला. त्याची मूळ रचना समजण्यास सोपी आहे. गांवपातळीवरील आरोग्यसेविका केवळ लक्षणांवरून नोंद करिते: अमुक जणांना ताप, अमुक जणांना जुलाब, अमुक जणांना कावीळ. हा 'एस' नमुना. डॉक्टर रोग्याला तपासून आपला अंदाज लिहितात, तो 'पी' नमुना. प्रयोगशाळा रक्त किंवा शौच तपासून निश्चित निदान देते, तो 'एल' नमुना. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून हीं पत्रकें जिल्ह्याच्या सर्वेक्षण-कक्षाकडे जात. २०२१ सालापासून हीच माहिती संगणकाच्या जाळ्यावर रोजच्या रोज भरण्याची सोय देशभर झाली. शिवाय वर्तमानपत्रांतील बातम्या चाळून, कोठें कांहीं विपरीत घडत आहे काय हें पाहण्याचेंही काम केलें जातें.

ह्या पत्रकांत एक शब्द येतो, तो सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्या माणसाला चांगला परिचयाचा आहे. तो शब्द म्हणजे 'निरंक'. एखाद्या आठवड्यांत रोगी आढळला नाहीं तर पत्रक कोरें ठेवावयाचें नसतें; त्यावर 'निरंक' असें लिहून तें पाठवावयाचें असतें. वरकरणीं हें कागदी घोडे नाचविणें वाटेल. परंतु क्षणभर विचार करा. निरंक पत्रकाचा अर्थ 'मीं पाहिलें, आणि कांहीं नव्हतें' असा होतो. पत्रकच न आलें तर 'कोणी पाहिलें कीं नाहीं हेंच ठाऊक नाहीं' असा अर्थ होतो. ह्या दोहोंत पहारेकरी जागा असणें आणि निजलेला असणें इतकें अंतर आहे. ज्या तालुक्यांतून महिनोन्‌महिने एकही सूचना येत नाहीं तो तालुका निरोगी आहे असें समजून निश्चिंत राहणारा अधिकारी फार मोठी चूक करितो. चतुर अधिकारी अशा शांततेचीच आधीं चौकशी करितो.

पोलिओच्या निर्मूलनांत हें तत्त्व फारच कसोशीनें पाळलें गेलें. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला कीं, तो पोलिओ असो वा नसो, त्याची सूचना द्यावयाची, आणि चौदा दिवसांच्या आंत निदान चोवीस तासांच्या अंतरानें शौचाचे दोन नमुने घ्यावयाचे, असा दंडक होता व आजही आहे. ह्यांतील बहुतेक मुलांना पोलिओ नसे. तरीही दर लाख मुलांमागें अशीं कांहीं ठराविक प्रमाणांत मुलें आढळलींच पाहिजेत, न आढळल्यास त्या जिल्ह्याचा शोध अपुरा आहे असें समजावें, असा नियम केला गेला. भारतांतील पोलिओच्या जंगली विषाणूचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं हावड्यास आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. हें यश लसीचें खरेंच. पण लस कोठें पाजावयाची राहिली आहे हें ज्या हजारों 'निरर्थक' सूचनांनीं दाखविलें, त्यांचेंही आहे.

आतां सूचना आल्यावर काय होतें तें पाहूं. पहिलें काम खातरजमेचें. जिल्ह्याच्या कक्षांतील माणूस प्रथम विचारतो: रोगी खरोखरच वाढले आहेत, कीं नवा डॉक्टर आल्यामुळें केवळ नोंदी वाढल्या आहेत? गेल्या वर्षीं ह्याच महिन्यांत किती रोगी होते? शंकेला आधार दिसला कीं शीघ्र प्रतिसाद पथक निघतें. त्यांत सांथरोगांचा जाणकार, वैद्य, प्रयोगशाळेचा माणूस आणि जरुरीप्रमाणें कीटकशास्त्रज्ञ असतो. मग घरोघर फिरून रोग्यांची यादी करावयाची: नांव, वय, घर, कोणत्या दिवशीं आजार सुरू झाला, पाणी कोठलें, जेवण कोठें झालें, प्रवास कोठें केला. ही यादी कंटाळवाणी दिसते. परंतु काळ, स्थळ आणि व्यक्ति ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें तिच्यांतूनच मिळतात. एकाच विहिरीभोंवतालचीं घरें आजारी पडलीं असतील तर विहीर बोलूं लागते. एकाच लग्नाचे पाहुणे आजारी पडले असतील तर पंगत बोलूं लागते.

मात्र उपाय सुरू करण्यासाठीं अंतिम निदानाची वाट पाहत बसावयाचें नसतें. जुलाबाची सांथ असेल तर जंतूचें नांव कळण्याआधींच पाण्यांत टीसीएल पावडर टाकून ओ. टी. चांचणी घ्यावयाची, पाण्याला पिवळा रंग आला तर क्लोरीन उरलें आहे असें समजावयाचें. तापाची सांथ असेल तर रक्ताचा निकाल येण्याआधींच पिंपें व टांक्या रिकाम्या करून डांसांच्या अळ्या नष्ट करावयाच्या. निदान आणि उपाय ह्या दोन बैलांनीं एकाच जुवाखालीं चालावें लागतें.

पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांतील बेलसर गांवाचें उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. २०२१ सालच्या जुलैंत ह्या गांवांत तापाचे रोगी वाढले. कांहीं रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले आणि त्यांत चिकुनगुनिया आढळला. पावसाळ्याचे दिवस, डांसांचा सुकाळ. खुलासा मिळाला होता. येथेंच थांबतां आलें असतें. परंतु संस्थेचें पथक जुलैअखेरीस गांवांत आलें आणि त्यानें ४१ जणांचे नमुने घेतले. त्यांपैकीं २५ जणांना चिकुनगुनिया व तिघांना डेंग्यू निघाला. आणि एका स्त्रीच्या रक्तांत चिकुनगुनियाबरोबरच झिका विषाणु सांपडला. महाराष्ट्रांतील झिकाचा हा पहिलाच रोगी. झिकाचा ताप बहुधा सौम्य असतो; पण गरोदर स्त्रीला तो झाल्यास गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटूं शकते. म्हणून पुढें घरोघर पाहणी झाली, डांसांच्या जागा शोधल्या गेल्या आणि गरोदर स्त्रियांवर विशेष लक्ष ठेवलें गेलें. एक उत्तर मिळाल्यावरही शोध न थांबविणें, हा ह्या छोट्या गांवानें शिकविलेला धडा आहे.

कधींकधीं सूचना उशिरा येते, ती कोणाच्या आळसामुळें नव्हे, तर रोगाच्या स्वभावामुळें. २०२५ सालच्या जानेवारींत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरांत, नांदेड गांव व किरकटवाडी ह्या बाजूला, हातापायांतील बळ एकाएकीं जाणारे रोगी रुग्णालयांत येऊं लागले. हा गुइलेन-बारे नांवाचा विकार. वर्तमानपत्रांतून तो 'जीबीएस' ह्या अक्षरांनीं घरोघर ठाऊक झाला. एरवीं हा विकार तुरळक. तो एकाच भागांत, थोड्या दिवसांत, इतक्यांना कां व्हावा? रोग्यांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतु आढळला. दूषित पाण्यांतून वा अन्नांतून तो पोटांत गेला कीं जुलाब होतात. आणि ते थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनीं क्वचित्‌ एखाद्याच्या शरीराची संरक्षक शक्ति त्याच्याच मज्जातंतूंवर उलटते. म्हणजे लुळा पडलेला रोगी दिसतो तेव्हां मूळ अपराध कित्येक दिवसांपूर्वींच घडून गेलेला असतो, आणि तपासणाऱ्याला तितके दिवस मागें जाऊन पाण्याचा माग काढावा लागतो. त्या वेळीं विहिरी, नळ, टँकर आणि पाणी गाळून विकणारीं केंद्रें ह्या सर्वांची तपासणी झाली. संशयितांची संख्या दोनशेंच्या वर गेली. ह्या प्रकरणाचें तात्पर्य असें कीं, साध्या जुलाबाच्या नोंदींकडे जर वेळींच लक्ष जाईल, तर पुढच्या मोठ्या संकटाची सूचना त्याच मिळूं शकतील.

सूचनेला उत्तर मिळालें नाहीं म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण १९९४ सालचें आहे. आदल्या वर्षीं सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाला होता. १९९४ च्या ऑगस्टांत बीड जिल्ह्यांतील मामला गांवांत उंदीर मरून पडूं लागले, पिसवांचा उपद्रव वाढला, आणि पुढें गांठीच्या तापाचे रोगी दिसूं लागले. उंदीर पडणें ही प्लेगची जुनी आणि खणखणीत सूचना; आपल्या आज्यापणज्यांना ती पाठ होती. परंतु १९६६ नंतर देशांत प्लेगची नोंद नव्हती. पाठ विसरला गेला होता. सप्टेंबरांत सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता फुटली आणि शहरांत हलकल्लोळ झाला. लाखों लोक शहर सोडून गेले. टेट्रासायक्लीन औषध दुकानांतून दिसेनासें झालें. परदेशांनीं विमानें बंद केलीं. देशभर मिळून मृत्यु झाले ते सुमारें पन्नास-पंचावन्न. व्यापाराचें नुकसान मात्र अब्जावधि रुपयांचें झालें. जंतूपेक्षां भयानें अधिक घात केला, आणि भय वाढलें तें निदान लवकर व निःसंदिग्धपणें सांगण्याची तयारी नव्हती म्हणून. पुढें त्याच सुरतेनें स्वच्छतेंत नांव काढलें ही गोष्ट खरी. पण तहान लागल्यावर विहीर खणण्याची किंमत तोंपर्यंत मोजून झाली होती.

ह्याच्या उलट उदाहरण केरळांतील कोझिकोडचें. २०१८ सालच्या मे महिन्यांत पेरांब्रा येथील एक तरुण तापानें व मेंदूच्या दाहानें ५ तारखेस वारला. कोणी कांहीं ओळखलें नाहीं, आणि ओळखण्याजोगें कांहीं नव्हतेंही. परंतु त्याचाच भाऊ तशाच लक्षणांनीं दुसऱ्या रुग्णालयांत आला, तेव्हां तेथील डॉक्टरांनीं 'एकाच घरांत असाच दुसरा रोगी कां?' हा प्रश्न स्वतःस विचारला. नमुने मणिपाळला व पुढें पुण्याला गेले, आणि २० मे रोजीं निपाह विषाणूचें निदान पक्कें झालें. दुसऱ्याच दिवशीं, पहिल्या रोग्याची शुश्रूषा केलेली परिचारिका लिनी हिनें प्राण सोडला. त्यानंतर रोग्यांच्या सहवासांत आलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांची यादी करून त्यांच्यावर नजर ठेवली गेली. सतरा माणसें दगावलीं. परंतु सांथ त्या भागाबाहेर फोफावली नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत त्याच जिल्ह्यांत निपाह पुन्हां आला, तेव्हांही पहिला रोगी मरेपर्यंत ओळखूं आला नव्हता. पण ह्या खेपेस सहांवरच सांथ थांबली आणि दोघांचा मृत्यु झाला. हें सर्व श्रेय सूचनेच्या वेगालाच देणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि ज्या खात्यानें एकदां ठेंच खाल्ली, याद्या कशा कराव्या, कोणाला वेगळें ठेवावें, लोकांना काय सांगावें हें लिहून ठेवलें, तें दुसऱ्या वेळीं अंधारांत चांचपडत नाहीं, इतकें तरी ह्यावरून दिसतें.

वेगाचें मोजमापही आतां ठरलें आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणें, जगाला धोका ठरूं शकेल अशा घटनेचा अंदाज ४८ तासांत घेऊन, तसा धोका वाटल्यास पुढील २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळविणें प्रत्येक राष्ट्राचें कर्तव्य आहे. २०२१ सालीं सार्वजनिक आरोग्याच्या कांहीं जाणकारांनीं त्याहून सोपा दंडक सुचविला: सांथ सुरू झाल्यापासून सात दिवसांत ती ओळखावी, एका दिवसांत ती कळवावी, आणि सात दिवसांत पहिले उपाय पुरे करावे. सात, एक आणि सात. हे आंकडे कोणाला दोष देण्यासाठीं नाहींत. सांखळीची कोणती कडी ढिली आहे तें दाखविण्यासाठीं आहेत.

आतां एका नाजूक गोष्टीकडे वळतों. सूचनांपैकीं पुष्कळ सूचना अखेर पोकळ ठरतात. पथक धांवत जातें, आणि तो साधा पडशाचा ताप निघतो. अशा वेळीं आपण त्या सूचना देणाऱ्याला हंसतों. वरिष्ठ त्याला 'उगाच गोंधळ केलास' म्हणून झिडकारतात. ह्याहून घातक शिक्षण दुसरें नाहीं. आगीचा बंब दहा वेळां धुराच्या वासावर धांवून गेला आणि आग नव्हती, म्हणून अकराव्या वेळीं घंटा वाजविणाऱ्याचे हात बांधावयाचे काय? ज्या जिल्ह्यांत सांथ कळविणाऱ्याला सांथीचाच अपराधी ठरविलें जातें, तेथील पत्रकें पुढें फार सुंदर आणि फार निरंक येऊं लागतात. आणि मग एके दिवशीं स्मशानें बोलूं लागतात. खोट्या सूचनेची किंमत एका पथकाच्या एका दिवसाची असते. दाबलेल्या सूचनेची किंमत कोण भरतो? जो आरोग्यसेविकेच्या वहींत शेवटचा येतो तो. झोपडींतला, वाडींतला, दूरच्या पाड्यावरचा.

आणि श्रोतेहो, ही जबाबदारी केवळ सरकारची नाहीं. शहरांतील सुशिक्षित कुटुंबें बहुधा खासगी डॉक्टरांकडे जातात. म्हणून सूचनेच्या सांखळींतील पहिली कडी आपल्याच घरांत असते. क्षयाच्या प्रत्येक रोग्याची सूचना खासगी डॉक्टरांनींही द्यावी असा सरकारी आदेश २०१२ सालीं निघाला. तरी 'आमचें नांव कोठें लिहूं नका' असा आग्रह धरणारीं घरें आजही आहेत. ही भीड समजण्याजोगी आहे, आणि रोग्याचें नांव चव्हाट्यावर न येऊं देणें हें आरोग्यखात्याचें कर्तव्यच आहे. परंतु नांव गुप्त ठेवणें वेगळें आणि रोग गुप्त ठेवणें वेगळें. तसेंच, पावसाळ्यांत नगरपालिकेची माणसें गच्चीवरची टांकी, फुलदाण्या आणि शीतपेटीखालचें तबक पाहावयास आलीं असतां दार न उघडणारे शेजारी आपण सर्वांनीं पाहिले आहेत. डांसाला मात्र दाराची परवानगी लागत नाहीं.

करावयाचें तें फार नाहीं. घरांत वा शेजारीं एकाच प्रकारचे दोन-तीन आजार लागोपाठ दिसले तर डॉक्टरांना तें आवर्जून सांगावें; आजार कोणत्या दिवशीं सुरू झाला हें लक्षांत ठेवावें; पाण्याची चव वा वास बदलला तर तक्रार नोंदवावी; रक्ताचा नमुना मागितला तर द्यावा; आणि ऐकीव वार्ता दहा जणांना सांगण्यापेक्षां ती एका जबाबदार अधिकाऱ्याला कळवावी. दार वाजवून 'घरांत कोणाला ताप आहे का?' असें विचारणारी आशा ताई किंवा आरोग्यसेविका उन्हातान्हांतून हिंडत असते. तिला दारांत उभें न ठेवतां आंत बोलवावें, पाणी द्यावें आणि खरें उत्तर द्यावें. १८९७ सालीं दार ठोठावलें होतें तें बंदुकीच्या दस्त्यानें. आज तें एका वही घेतलेल्या बाईच्या हातानें ठोठावलें जातें. ह्या अंतराची किंमत पूर्वींच्या पिढ्यांनीं मोजली आहे.

सांथ अडविणाऱ्यांचे पुतळे उभारले जात नाहींत, कारण जी सांथ आलीच नाहीं ती कोणाच्या स्मरणांत राहणार? तें श्रेय वहींतल्या एका ओळीचें, वेळीं केलेल्या एका निरोपाचें, आणि निरोप ऐकून रात्रींच निघालेल्या एका पथकाचें असतें. ती ओळ खरी लिहिली जावी, आणि ती लिहिणाऱ्याला भय वाटूं नये, इतकें जरी आपण साधलें तरी पुष्कळ साधलें, असें नम्रपणें सुचवून मी आपली रजा घेतों.